साथीच्या दिवसांतील शाळा

साथीचा रोग आणि लहान मुलांची शाळा यांचा मेळ घालणे ही गोष्ट मोठी कठीण आहे. साथ आटोक्यात यावी म्हणून आरोग्यशास्त्र जे जे सांगते, ते बहुतेक सारे बालस्वभावाच्या विरुद्ध जाते. एकमेकांपासून दूर बसा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका, तोंडाजवळ बोट नेऊ नका, घोळका करू नका, असे शास्त्राचे सांगणे. उलट पाच-सहा वर्षांचे मूल जगाची ओळख करून घेते तेच मुळी हाताने आणि तोंडाने. सवंगड्याच्या गळ्यात हात टाकल्यावाचून त्याचा खेळ रंगत नाही. पडले, खरचटले, घरची आठवण झाली, म्हणजे ते शिक्षिकेच्या पदराला बिलगते. साथीच्या दिवसांत हा पदर आवरून घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर त्या मुलाने कोठे जावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरावर लक्षावधी मुलांची एक-दोन वर्षे अवलंबून राहिली आहेत.

या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या शहरांनी निरनिराळी उत्तरे दिली. कोणी शाळेला कुलूप लावले, कोणी रोगट मुलाला दाराबाहेर ठेवले, कोणी शाळेच्या भिंतीच काढून टाकल्या, तर कोणी शाळा आकाशवाणीवरून घरोघर नेली. यांतील कोणते उत्तर खरे ठरले, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. पण ही उत्तरे एकापुढे एक ठेवून पाहिली, म्हणजे त्यांतून एक सूत्र मात्र स्पष्ट दिसते. आणि ते सूत्र समजून घेण्यास न्यूयॉर्क शहराच्या इतिहासाइतका बोधप्रद इतिहास दुसरा क्वचितच सापडेल.

प्रारंभ १८९७ या वर्षापासून करावा. हे वर्ष महाराष्ट्राला विसरता येण्यासारखे नाही. मुंबईत आदल्या वर्षी उद्भवलेला प्लेग पुण्यास पोचला होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालविणाऱ्या सावित्रीबाई फुले तेव्हा वृद्ध झाल्या होत्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या पुत्राच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात गेल्या. त्यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथ म्हणते दूर राहा, आणि आजारी मूल म्हणते उचलून घ्या. या दोहोंतील विरोध एवढ्या उघड रूपात इतरत्र फारसा दिसत नाही. सावित्रीबाईंनी आपल्यापुरते उत्तर दिले, आणि त्याची किंमतही स्वतःच दिली. परंतु प्रत्येक शिक्षिकेने प्राण द्यावा, असा काही समाजाला नियम करता येत नाही. समाजाला व्यवस्था निर्माण करावी लागते.

त्याच १८९७ साली न्यूयॉर्कने अशी एक व्यवस्था सुरू केली. बॉस्टन शहराने तीन वर्षे आधी, १८९४ मध्ये, शाळांतून डॉक्टर पाठविण्यास सुरुवात केली होती. तिचे अनुकरण करून न्यूयॉर्कच्या आरोग्यखात्याने शाळांसाठी वैद्यकीय तपासनीस नेमले. युरोपातून आलेल्या निर्वासित व मजूर कुटुंबांनी शहराचा पूर्वभाग तेव्हा भरून गेला होता. पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या चाळी, खिडकी नसलेल्या आतल्या खोल्या, मजल्यावर एखादा नळ, अशी तेथील स्थिती. घटसर्प, गोवर, लाल ताप यांच्या साथी वारंवार येत. आणि खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा हे तर नित्याचेच. तपासनिसांना अधिकार एवढाच होता, की संसर्गाचे चिन्ह दिसले की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवावे.

नियम स्वच्छ होता आणि तर्काला धरूनही होता. पण त्याचे फळ विपरीत निघाले. खुपऱ्यांचा शोध कसोशीने सुरू झाल्यावर वर्ग ओस पडू लागले. चिठ्ठीवरील मजकूर आईबापांना वाचता येत नसे. वाचता आला तरी डॉक्टराची फी देण्याचे सामर्थ्य नसे. घरी पाठविलेले मूल घरी तरी कोठे बसणार? आई शिवणकामात, बाप कारखान्यात, मूल रस्त्यावर. तेथे तेच डोळे, तेच हात आणि तेच सवंगडी! सायंकाळी शाळा सुटली की वर्गातील निरोगी मुलेही त्याच रस्त्यावर खेळावयास येत. तेव्हा संसर्ग शाळेतून हद्दपार झाला तो केवळ कागदावर. प्रत्यक्षात मुलाचे शिक्षण तेवढे बुडाले.

ही विसंगती लिलियन वॉल्ड या परिचारिकेच्या दृष्टीस आली. १८९३ पासून शहराच्या पूर्वभागातील वस्तीत राहून ती गरिबांची शुश्रूषा करीत असे. तिला एक बारा वर्षांचा मुलगा भेटला. डोक्यावर इसब असल्यामुळे त्याला शाळेत कोणी घेईना. आणि आईला तर रोजच्या कामातून त्याला दवाखान्यात नेण्यास सवड होईना. वॉल्डने मलम दिले, ते कसे लावावयाचे ते दाखविले, आणि मुलगा शाळेत बसू लागला. एवढ्या साध्या उपायाला शहराच्या व्यवस्थेत जागाच नव्हती, ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली.

१९०२ च्या ऑक्टोबरात वॉल्डने आपल्या संस्थेतील लीना रॉजर्स नावाची एक परिचारिका महिनाभराच्या प्रयोगासाठी शहराला दिली. चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले तिच्याकडे सोपविण्यात आली. रॉजर्सने नियम मोडला नाही. नियमाच्या अंमलाची रीत तेवढी बदलली. डोळे धुऊन, मलम लावून, पट्टी बांधून ज्याला परत वर्गात बसविता येईल त्याला ती तेथल्या तेथे बसवी. ज्याला घरी धाडणे भागच असे, त्याच्या मागोमाग ती स्वतः त्याच्या घरी जाई आणि काय करावयाचे ते आईला आपल्या हाताने करून दाखवी. प्रयोग यशस्वी झाला आणि शहराने थोड्याच दिवसांत आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शाळांतून घरी पाठविलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात ती १,१०१ वर आली. रोग तेच होते, वस्तीही तीच होती आणि मुलेही तीच. पूर्वी नियमाचा सारा भार मुलाने उचलावयाचा होता. आता तो एका जाणत्या प्रौढ व्यक्तीने उचलला, एवढाच काय तो फरक.

याच सुमारास युरोपात दुसऱ्या एका दिशेने विचार चालू होता. क्षयाची भीती तेव्हा घरोघर होती. क्षयाच्या सावटाखालील अशक्त मुलांना दाटीच्या वर्गात कोंडणे घातक, आणि शाळेवाचून ठेवणे अन्यायाचे, असा पेच होता. बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग या नगराने १९०४ साली तो पेच वेगळ्या रीतीने सोडविला. पाइनच्या झाडीत त्याने एक वनशाळा काढली. मुलांनी दिवसभर मोकळ्या हवेत राहावे, तेथेच जेवावे, दुपारी आडवे होऊन विश्रांती घ्यावी आणि मधल्या वेळात थोडे थोडे शिकावे, अशी तिची रचना होती. ही कल्पना पाहता पाहता पसरली. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे १९०८ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत, अशी एक शाळा सुरू झाली. जुन्या विटांच्या इमारतीची एक बाजू काढून तेथे जमिनीपासून छतापर्यंत उघडणाऱ्या खिडक्या बसविल्या. मुले जाड कापडाच्या पिशव्यांत गळ्यापर्यंत शिरून बसत आणि पायांशी तापविलेले दगड ठेवीत. न्यूयॉर्कने तर एका जुन्या बोटीच्या डेकवर वर्ग भरविले.

आज हे वर्णन वाचून कोणासही हसू येईल. परंतु त्यामागील तत्त्व विचार करण्याजोगे आहे. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला अडविण्याचे दोन मार्ग आहेत. मुलाने श्वास कसा घ्यावा, कोणाजवळ घ्यावा याचे नियम करावयाचे, हा एक. आणि तो ज्या हवेत श्वास घेतो ती हवाच बदलावयाची, हा दुसरा. पहिल्या मार्गात मुलावर दिवसभर पहारा ठेवावा लागतो. दुसऱ्या मार्गात एकदा गवंडी व सुतार बोलाविले की मुलाला हसण्या-खेळण्याची मोकळीक राहते.

तथापि हवा आणि परिचारिका यांनी सारे काम भागत नाही. हात धुणे, नाक पुसणे, खोकताना तोंड झाकणे या गोष्टी अखेर मुलालाच कराव्या लागतात. त्या त्याने भीतीने कराव्यात की आनंदाने, हा यापुढचा प्रश्न. या बाबतीत मारिया माँटेसोरी यांचा अनुभव मोलाचा आहे. रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. हात-पाय धुणे, केस विंचरणे, जमीन झाडणे ही तेथे शिक्षा नव्हती. ते मुलांचे आवडते उद्योग होते. एकदा त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे याचा पाठ दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करता, कोणाच्या लक्षात येऊ न देता नाक कसे स्वच्छ करावे, हे त्यांनी सावकाश करून दाखविले. मुले एकाग्र होऊन पाहत होती, आणि पाठ संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्याचे कारण माँटेसोरींना मागाहून उमगले. नाकावरून या मुलांना नेहमीच हिणवले जाई, ओरडले जाई. ते नीट कसे ठेवावे हे मात्र कोणी शांतपणे शिकविले नव्हते. तो साधा पाठ म्हणजे त्यांच्या मानाची भरपाई होती.

महाराष्ट्रातही याच विचाराला पुढे फार गोड फळ आले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीत रूढ झाला. तेथील दिवसाचा आरंभ पाटी-पुस्तकाने होत नसे. मुलांना गोळा करणे, त्यांना न्हाऊ-माखू घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाच पहिला पाठ असे. स्वच्छता ही शिक्षणाच्या आड येणारी अट नव्हती. तीच शिक्षणाची पहिली पायरी होती. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने लहान मुलांसाठी देशव्यापी योजना आखली तेव्हा तिने हेच नाव घेतले.

या साऱ्या विचारांची खरी कसोटी लागली ती १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी. त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबई बंदरातून ती देशभर पसरली. अमेरिकेतही त्या वर्षीच्या शरद ऋतूत हाहाकार उडाला. तेथील बहुतेक साऱ्या मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन ही तीन ठळक शहरे याला अपवाद राहिली.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा शाळेत जाणारी मुले दहा लाखांच्या घरात होती आणि त्यांतील बहुसंख्य चाळींतून राहत होती. आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांच्यापुढे शाळा बंद करण्याचा आग्रह चहूंकडून होत होता. त्या वेळी बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉक्टर सारा जोसेफिन बेकर यांनी उलट सल्ला दिला. १९०८ साली स्थापन झालेल्या त्या विभागाची उभारणी त्यांनीच केली होती, आणि तरुणपणी शाळांची तपासणी करताना चिठ्ठी देऊन मूल घालविण्याच्या पद्धतीचे वैयर्थ्यही त्यांनी पाहिले होते. त्यांचे म्हणणे असे, की शाळा चालू ठेवल्यास शहरातील सहा ते पंधरा वर्षांचे प्रत्येक मूल रोज जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाईल. शाळा बंद केल्यास ते कोठे आहे, कोणाबरोबर आहे आणि आजारी आहे की बरे, हे कोणालाच कळणार नाही.

हा सल्ला मान्य झाला. पण शाळा नेहमीसारखी चालू राहिली असे मात्र नाही. मुलांनी सकाळी आवारात घोळका न करता थेट आपल्या वर्गात जावे, असे ठरले. शिक्षिका प्रथम प्रत्येकाकडे निरखून पाही. डोळे लाल, नाक वाहते, खोकला किंवा कणकण असे काही दिसले की ते मूल वेगळ्या खोलीत बसविले जाई आणि डॉक्टर त्याला पाही. ज्याला घरी पोचविणे आवश्यक असे, त्याच्याबरोबर आरोग्यखात्याचा माणूस जाई. घरात रुग्णाला वेगळे ठेवण्याची सोय आहे की नाही हे तो पाही, आणि नसल्यास इस्पितळाचा विचार होई. एका वर्गाची मुले दुसऱ्या वर्गात मिसळू दिली जात नसत. शाळा सुटली की त्यांनी सरळ घरी जावयाचे. परंतु वर्गाच्या आत मूल आपल्या नेहमीच्या सोबत्यांत व नेहमीच्या बाईंपाशी असे, आणि बहुतेकांच्या घरांहून अधिक उजेडाच्या व हवेशीर जागेत असे.

या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. शहराच्याच एका माजी आरोग्य आयुक्तांनी जाहीरपणे आक्षेप घेतले, आणि अनेक आईबापांनी आपली मुले घरीच ठेवली. निकाल काय लागला? शरद ऋतूतील त्या काही आठवड्यांत न्यूयॉर्कमध्ये वीस हजारांहून अधिक माणसे इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाने मृत्यू पावली. परंतु लोकसंख्येच्या मानाने पाहता ही हानी बॉस्टन वा फिलाडेल्फियापेक्षा कमीच ठरली. यावरून शाळा उघड्या ठेवणेच नेहमी शहाणपणाचे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. त्या साथीचा घाला मुख्यत्वे वीस ते चाळीस वर्षांच्या माणसांवर पडला. शाळकरी वयाची मुले त्या मानाने वाचली. शिवाय २००७ साली अमेरिकेतील ४३ शहरांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना असेही आढळले, की ज्या शहरांनी शाळा व सभा लवकर बंद केल्या आणि ते निर्बंध पुरेसे दिवस टिकविले, तेथे मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. सेंट लुई हे त्याचे उत्तम उदाहरण.

तेव्हा न्यूयॉर्कचा धडा ‘शाळा उघडी की बंद’ हा नाही. त्या शहराला निवड करणे शक्य झाले, हा तो धडा आहे. १९०२ साली ज्या परिचारिका नेमल्या गेल्या, जे डॉक्टर शाळांतून फिरू लागले, ज्या शिक्षिका मुलांचे डोळे आणि घसे पाहावयास शिकल्या, त्यांच्या सोळा वर्षांच्या कामावर १९१८ चा निर्णय उभा होता. साथ आल्यावर ही यंत्रणा आठवडाभरात उभी करता आली नसती. ज्या शहरापाशी ती नव्हती, त्याला कुलूप लावण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, आणि त्यात त्याचा दोषही नव्हता.

शाळा बंद ठेवणे अपरिहार्य झाले म्हणजे काय करावे, याचा एक संस्मरणीय प्रयोग १९३७ साली शिकागोत झाला. बालपक्षाघाताच्या साथीमुळे त्या सप्टेंबरात शाळा उघडता येईनात. हा रोग तर खास मुलांचाच वैरी. तेव्हा शहराच्या शिक्षणखात्याने पाठ आकाशवाणीवरून देण्याचे ठरविले. सहा केंद्रांनी आपला वेळ विनामूल्य दिला. पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ योजले गेले. त्यांचे वेळापत्रक व अभ्यासाच्या सूचना रोज वर्तमानपत्रांतून छापून येत. तिसरी ते आठवी या इयत्तांतील सुमारे ३,१५,००० मुलांसाठी ही योजना होती. शंका विचारण्यासाठी दूरध्वनीची सोय केली होती, आणि पहिल्याच दिवशी एवढी विचारणा झाली की उत्तरे देण्यास आणखी शिक्षक बसवावे लागले. महिनाअखेरीस शाळा उघडल्या आणि हे प्रसारण संपले. दोन-तीन आठवड्यांच्या अडचणीत समाजाने दाखविलेली ही तत्परता कौतुकास्पदच होती.

परंतु या योजनेतील एक गोष्ट सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. ती तिसरीपासून सुरू होत होती. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तिच्यात काही नव्हते. यात कोणाचा निष्काळजीपणा होता असे नव्हे. ध्वनिक्षेपकातून भूगोल सांगता येतो, गणिताची रीत सांगता येते; पण पेन्सिल कशी धरावी हे दाखविण्यास मुलाच्या बोटांवर बोटे ठेवावी लागतात. जेथे शिक्षण म्हणजे सहवास, तेथे दूरचे शिक्षण थांबते. आणि म्हणूनच शाळेचे दार बंद होते तेव्हा सर्वांत मोठे नुकसान सर्वांत लहान मुलांचे होते.

ही गोष्ट २०२० साली कोरोनाच्या साथीत साऱ्या जगाच्या प्रत्ययास आली. मार्चमध्ये देशोदेशीच्या शाळा बंद झाल्या. पुन्हा उघडावयाची वेळ आली तेव्हा बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या वर्गांचा विचार आधी झाला. डेन्मार्कने मात्र उलट क्रम घेतला. १५ एप्रिल २०२० रोजी त्या देशाने शिशुगृहे आणि प्राथमिक शाळेचे पाचवीपर्यंतचे वर्ग प्रथम उघडले. मोठी मुले मागाहून. लहान मुलाला घरी एकट्याने शिकता येत नाही, आणि ते घरी असेल तर आईबापांनाही कामावर जाता येत नाही, हे त्यामागचे व्यवहारी कारण. मुलांचे लहान लहान गट करण्यात आले. खेळ व जेवण आपापल्या गटात. हात वारंवार धुवावयाचे, खेळणी दिवसातून दोनदा स्वच्छ करावयाची आणि शक्य तेवढे पाठ अंगणात, बागेत वा मोकळ्या मैदानावर घ्यावयाचे. आपल्या मुलांवर प्रयोग नको, असे म्हणून काही पालकांनी विरोधही केला. तथापि पुढील आठवड्यांत साथ भडकल्याचे दिसले नाही. अर्थात त्या वेळी तेथे रोगाचे प्रमाण उतरणीस लागले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या व्यवस्थेत १९०४ ची वनशाळा आहे, १९१८ चा न मिसळणारा वर्ग आहे आणि मुलाला निदान आपल्या चार सोबत्यांशी मनसोक्त खेळू देण्याची समजही आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी मुखपट्टीसंबंधी सल्ला दिला, तोही याच समजुतीचा द्योतक होता. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मुखपट्टीची सक्ती करू नये. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांबाबत परिस्थिती पाहून ठरवावे. बारा वर्षांपुढील मुलांना मोठ्यांचा नियम लावावा. नियम एकच असला तरी वय पाहून त्याचे माप घ्यावे लागते, असा त्याचा मथितार्थ.

महाराष्ट्रात परिस्थिती निराळी होती. दाटीच्या वस्त्या, भरगच्च वर्ग आणि अपुरे पाणी यांच्याकडे पाहता येथे डेन्मार्कची नक्कल करणे शक्य नव्हते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. वरचे वर्ग मधून मधून उघडले. पण पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू देण्यास परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून, आणि मुंबईत प्रत्यक्ष शाळा उघडली ती त्याच महिन्याच्या मध्यास. जानेवारीत नवी लाट येताच पुन्हा काही दिवस दारे मिटली. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत दाखल झाले, त्याने सारी पहिली आणि दुसरीचे अर्धे वर्ष वर्गात पाऊल न ठेवता काढले.

या काळात अनेकांनी अनेक परीने दिवा तेवत ठेवला. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. शिकागोच्या योजनेत नसलेली पहिली-दुसरीची मुले येथे समाविष्ट होती. घरातील वस्तू घेऊन, घरच्या माणसांबरोबर खेळत शिकण्यावर तिचा भर होता. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच मुळाक्षरे, पाढे व धडे रंगविले. ज्या घरी मोबाईल नव्हता त्या घरचे मूलही दारासमोरच्या भिंतीपाशी उभे राहून, गर्दी न करता, वाचू शकत असे. अंगणात शाळा नेण्याची ताराबाईंची कल्पना पंचाहत्तर वर्षांनी अशा नव्या रूपात अवतरली, असेच म्हणावे लागेल.

तरीही नुकसान व्हावयाचे ते झालेच. ‘प्रथम’ या संस्थेच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले. हे झाले मोजता येणारे नुकसान. वाटून खाणे, पाळी येईपर्यंत थांबणे, भांडून पुन्हा गट्टी करणे, परक्या बाईंवर विश्वास टाकणे, या ज्या गोष्टी मूल शाळेतच शिकते, त्यांचे मोजमाप कोणत्याही पाहणीत होत नाही.

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून जे सूत्र निघते ते असे. साथीचे नियम हवेतच. त्यांवाचून मुलांचे प्राणही वाचणार नाहीत आणि शाळाही टिकणार नाही. पण त्या नियमांचा भार कोणी वाहावयाचा, हे ठरविणे मोठ्यांच्या हाती असते. मुलाने दूर बसावे, गप्प बसावे, घरी बसावे, असे सांगणारा नियम करण्यास सोपा आणि खर्चासही हलका; परंतु तो मोडतो तरी, नाहीतर मुलाला मोडतो. खिडक्या मोठ्या कराव्यात, नळ वाढवावेत, वर्गातील मुले कमी करावीत, परिचारिका नेमावी, शिक्षिकेला रोगाची चिन्हे ओळखावयास शिकवावे, असे सांगणारा नियम खर्चाचा व कष्टाचा असतो. पण तो पाळला जातो, कारण तो पाळण्याचे काम मोठी माणसे करतात.

आणि हा खर्च साथ आल्यावर करून भागत नाही. हात धुण्याचे नळ, हवेशीर वर्ग, आठवड्यातून एकदा तरी फिरकणारी परिचारिका, नाक पुसावयास शांतपणे शिकविणारी शिक्षिका, या गोष्टी निरोगी दिवसांतच उभ्या कराव्या लागतात. पुढची साथ केव्हा येईल हे कोणालाही सांगता येत नाही. परंतु त्या दिवशी शाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला आत घेता येईल की परत पाठवावे लागेल, हे आज त्या शाळेत नळ किती आहेत आणि खिडक्या किती उघडतात, यावर बरेचसे ठरून गेलेले असते.